दोन टनांचा स्टँड पावणेतीनशे किलोला सुटला

दिनांक : १५ सप्टेंबर २०२५
डिचोली, गोवा

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : जॅक स्टँड गाडीखाली सुटल्याबाबत, आणि त्यावर तुम्ही दिलेल्या उत्तराबाबत

महोदय,

जून महिन्यात म्हापशाच्या दुकानातून मी तुमचा ट्रॉली जॅक आणि दोन स्टँडची जोडी घेतली. स्टँड म्हणजे जॅकने उचललेली गाडी टेकवून ठेवायचे पाय. त्यांचा दातेरी दांडा हव्या उंचीला खटक्याने अडकतो. जॅकबद्दल काही म्हणणं नाही, तो चांगला आहे. तक्रार स्टँडची आहे. ती केल्यावर तुमचं एका ओळीचं ईमेल आलं : ‘अयोग्य वापर, वॉरंटी लागू नाही.’ स्टँड न बघता, मला एक फोनही न करता हे कसं ठरवलंत?

वापर कसा केला ते सांगतो. चवथीच्या आधीचा रविवार, २४ ऑगस्ट. पुढचे ब्रेक पॅड बदलायचे होते. शेडमध्ये सिमेंटचा कोबा आहे, सपाट. तरी स्टँडखाली अठरा मिलिमीटरचा प्लायवूड घातला. गाडी पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडाचे ठोकळे. चाकं जमिनीवर असतानाच नट सैल केले. जॅक आणि स्टँड गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच लावले. जॅक फक्त उचलायला असतो, आतलं सील गळलं की तो हळूहळू बसतो, एवढं मला कळतं. म्हणून तर स्टँड विकत घेतले! आमच्याकडे सर्रास चिरे रचून त्यावर गाडी टेकवतात. चिरा कधी फुटेल याचा नेम नाही, म्हणून मी ते कधीच केलं नाही.

गाडी स्टँडवर टेकवल्यावर दोन्ही बाजूंनी ढकलून पाहिली. हलली नाही. उजवी बाजू झाली. डावीकडे कॅलिपरचा (ब्रेक पॅड धरणाऱ्या भागाचा) बोल्ट गंजून बसला होता (पावसाळ्यात इथे काय गंजत नाही?), म्हणून पाना लावून जोर दिला. खट् असा आवाज आला आणि डावा स्टँड चार दाते खाली बसला. तेव्हा माझा हात डिस्कच्या मागे होता.

हात वाचला, कारण काढलेलं चाक मी आडवं करून दाराखालच्या पट्टीखाली सरकवून ठेवलं होतं. ही सवय मला एका जुन्या मेस्त्रीने लावली. स्टँडसोबतच्या तुमच्या माहितीच्या कागदात तिचा उल्लेख नाही. गाडी त्या चाकावर टेकली. पट्टी वाकली, रिमला चरा पडला.

नंतर दोन्ही स्टँड टेबलावर ठेवून शेजारी शेजारी पाहिले. चांगल्या स्टँडमध्ये खटका दात्यात पूर्ण रुततो, मोजला तर आठ मिलिमीटर. सुटलेल्यात जेमतेम तीन. खटक्याच्या खाचेत ओतकामाची एक गाठ राहून गेली आहे. खटका तिच्यावर अडतो आणि दात्याच्या नुसत्या टोकाला धरतो. हँडल मात्र पूर्ण खाली गेलेलं दिसतं, त्यामुळे लॉक लागलं असंच वाटतं. चार दात्यांची टोकं तासल्यासारखी चकाकताहेत. फोटो सोबत जोडले आहेत, शेजारी मोजपट्टी ठेवून काढले आहेत.

आता वजनाचं. गाडी ९०० किलोच्या आत. पुढे साठ टक्के धरलं तरी एका स्टँडवर पावणेतीनशे किलोच्या वर येत नाही. खोक्यावर ‘२ टन’ छापलंय. हे एका स्टँडचं की जोडीचं, हे कुठेच लिहिलेलं नाही. जोडीचं धरलं तरी एकाच्या वाट्याला एक टन येतो. सोबतचा कागद इंग्रजी आणि चिनी, चित्रं काडेपेटीएवढी. मराठी की कोकणी हा वाद आम्ही गोव्यात आमचा घालू, तुम्ही निदान एका भाषेत तरी धड लिहा.

२०२० मध्ये अमेरिकेत एका कंपनीला खटका दात्यात नीट न बसण्याच्या दोषामुळे लाखो स्टँड बाजारातून परत घ्यावे लागले होते. पुढे बदली म्हणून दिलेल्या काही स्टँडमध्ये वेल्डिंगचाही दोष निघाला. तेव्हा ‘आमच्या मालात असं होत नाही’ हे उत्तर कृपया पाठवू नका.

मला पुढील गोष्टी हव्या आहेत. जोडीचे पैसे आणि दाराखालची पट्टी सरळ करण्याचा खर्च, बिल जोडलं आहे. पण ते दुय्यम. याच बॅचचे स्टँड आणखी किती जणांच्या गाडीखाली आहेत ते तपासा, त्यांना कळवा, दुकानांतला माल काढून घ्या. बॅच क्रमांक फोटोत स्पष्ट वाचता येतो. खटक्याच्या वरून आडवी घालायची सुरक्षा पिन असलेले स्टँड बाजारात मिळतात, तुमच्यात ती का नाही तेही लिहा.

तीस दिवसांत लेखी उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून, ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली उत्तर गोवा जिल्हा आयोगाकडे जाईन. राहत्या जिल्ह्यात तक्रार करायची मुभा कायद्याने दिली आहे, त्यामुळे तुमच्या शहरात यायची मला गरज नाही.

सदोष स्टँड ‘आधी कुरिअरने पाठवा, मग बघू’ असं त्या ईमेलनंतर तुमच्या माणसाने फोनवर सांगितलं. तो पाठवणार नाही. लाल फडकं बांधून शेडमध्ये वेगळा ठेवला आहे, चुकून कुणी वापरू नये म्हणून. तुमचा तंत्रज्ञ येऊन, माझ्यासमोर मोजून, लेखी पोच देऊन घेऊन जाऊ शकतो. येताना मोजायला व्हर्निअर आणावा, माझ्याकडे फक्त शाळेतली पट्टी आहे.

आपला,
एक ग्राहक

सोबत : बिलाची प्रत, सात फोटो, पट्टी दुरुस्तीचं बिल