मूत्रपिंड म्हणजे नुसती गाळणी नव्हे

मूत्रपिंडाच्या काळजीविषयी आपल्या आरोग्य पुरवणीत आलेला लेख वाचला. मीठ कमी खा, वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका, हा सल्ला योग्यच. पण लेखभर मूत्रपिंडाला 'शरीराची गाळणी' म्हटले आहे, ते अपुरे वाटते. गाळण्याचे काम मोठे आहेच. दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातला जेमतेम दीड-दोन लिटर लघवीवाटे बाहेर पडतो. परंतु रक्तातला प्राणवायू घटल्याचे ओळखून एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक सोडणारे आणि अस्थिमज्जेला तांबड्या पेशी तयार करायला लावणारेही मुख्यतः मूत्रपिंडच. 'ड' जीवनसत्त्वाला क्रियाशील रूपही तिथेच मिळते, म्हणजे हाडांचे बळही त्याच्याच हाती. रक्तदाब सांभाळण्यातल्या त्याच्या वाट्याचे तर विचारूच नका.

त्यामुळे बिघाडाची पहिली खूण लघवीतच दिसेल असे नाही. आमच्या शेजारच्या आजींना जिना चढताना धाप लागे. लोहाच्या गोळ्या महिनोन्महिने चालल्या, हिमोग्लोबिन काही वाढेना. मधुमेह जुना होता, तरी क्रिएटिनिन (मूत्रपिंड मंदावले की रक्तात साठणारा टाकाऊ पदार्थ) तपासायचे सुचले ते फार उशिरा; रक्त न वाढण्याचे मूळ मूत्रपिंडातच होते. मधुमेह व उच्च रक्तदाब असलेल्यांनी वर्षातून एकदा क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन (मूत्रपिंड बिघडले की लघवीत उतरणारे प्रथिन) तपासून घ्यावे, एवढे एक वाक्य लेखात असते तर ते त्यात दिलेल्या रोजच्या पाण्याच्या पेल्यांच्या हिशेबापेक्षा उपयोगी ठरले असते. शिवाय मूत्रपिंड निकामी झालेल्या अनेक रुग्णांना पाणी मोजूनमापूनच प्यावे लागते. 'भरपूर पाणी प्या' हा सल्ला त्यांच्यासाठी नाही, हेही छापायला हवे होते.

– एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक, सांगली