वेरूळ, भर्तृहरी आणि पॅरिसमधले जुने कागद

पॅरिस,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय पम्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "तुला पियानो वाजवता येत नाही, मग ती फाटकी नोटेशनची पुस्तकं कशाला गोळा करतोस?" तेव्हा मी काहीबाही बोलून विषय बदलला. पण प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून आज लिहायला बसलो.

इथे सॅं-लाझार स्टेशनच्या बाजूनं रू द रोम नावाचा रस्ता जातो. व्हायोलिन बनवणाऱ्यांची आणि शीट म्युझिक, म्हणजे छापील स्वरलिपी, विकणाऱ्यांची दुकानं तिथे अजून आहेत. 1911 साली पॅरिसचं सरकारी संगीत विद्यालय जवळच्याच रू द माद्रिदवर आलं, त्याच्या आधारानं ही वस्ती वाढली. विद्यालय पुढे शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलं, दुकानं राहिली. ऑफिसातून परतताना मी तिथे वाट वाकडी करून जायला लागलो आणि एका खोक्यात मला पहिली वस्तू मिळाली : फ्रेंच संगीतकार दबुसीची 'चिल्ड्रन्स कॉर्नर'. पियानोसाठीच्या सहा छोट्या रचना. 1908 साली त्यानं त्या आपल्या तीन वर्षांच्या मुलीला, शूशूला, अर्पण केल्या आणि मुखपृष्ठावरचं हत्तीचं चित्रही स्वतःच काढलं. पुढे जे काही येणार आहे त्याबद्दल बापानं मुलीची प्रेमानं माफी मागितली आहे, अशी ती अर्पणपत्रिका.

विकणाऱ्यानं पहिली आवृत्ती म्हणून दिली. मी आनंदात घरी आलो. प्रत्येक पानाच्या तळाशी एक बारीक क्रमांक असतो, तो पाहिला, बरोबर होता. इथेच माझी चूक झाली. तो क्रमांक छापायच्या प्लेटचा असतो. तीच प्लेट वीस वर्षं वापरली तर वीस वर्षं तोच क्रमांक छापला जातो. मग प्रकाशकाचं नाव नीट वाचलं. 1908 मध्ये ती पेढी 'दुराँ आणि मुलगे' होती. म्हातारे ओग्युस्त दुराँ 1909 साली वारले आणि नाव 'दुराँ आणि कंपनी' झालं. माझ्या प्रतीवर 'कंपनी' होतं. मागच्या पानावरच्या जाहिरातीत तर दबुसीच्या 'प्रेल्यूद' या पियानोच्या रचनांचा दुसरा भागही होता, आणि तो 1913 चा. म्हणजे माझी प्रत निदान पाच वर्षांनी धाकटी. पैसे जास्त गेले याचं त्या रात्री फार वाईट वाटलं. पण कागद कसा वाचायचा हेही त्याच रात्री कळलं.

ती प्रत मी परत केली नाही. तिच्यात कुणा लहान मुलासाठी पेन्सिलीनं बोटांचे आकडे लिहिले आहेत आणि एका ओळीवर 'हळू' हा शब्द तीनदा अधोरेखित केला आहे. शिकवणाऱ्याचा हात तिथे थांबलेला दिसतो. शूशूचं पुढे काय झालं ते तुला माहीत नसेल. दबुसी मार्च 1918 मध्ये गेला, पॅरिसवर जर्मन तोफा चालू असताना. बाप गेल्यावर तिनं आपल्या सावत्र भावाला पत्र लिहिलं, ते आज वाचायला मिळतं. पुढच्याच वर्षी तीही गेली, अवघ्या तेराव्या वर्षी. ते पत्र वाचल्यापासून तो मुखपृष्ठावरचा हत्ती मला फार वेळ पाहवत नाही.

संगीतकारांची पत्रं हा वेगळाच प्रांत. लिलावाच्या कॅटलॉगमध्ये 'एल. ए. एस.' अशी तीन अक्षरं दिसली की समजायचं, पत्र संपूर्ण स्वहस्ताक्षरात आणि सहीसकट. बिझे छत्तिसाव्या वर्षी गेला, त्याची पत्रं माझ्या आवाक्यात कधीच येणार नाहीत. सॅं-सान्स मात्र शहाऐंशी वर्षं जगला आणि आयुष्यभर पत्रं लिहीत राहिला, म्हणून माझ्यासारख्याला त्याचं एखादं कार्ड परवडतं. माझ्याकडे आहे ते फक्त चार ओळींचं, कुणाचे तरी आभार मानणारं. घेण्याआधी भिंगाखाली पाहिलं. छापील नक्कल असेल तर रेघ सपाट दिसते. खऱ्या शाईत वळणावर थेंब साचलेला असतो आणि मागून बोट फिरवलं तर टाकाचा दाब लागतो. तो दाब बोटाला लागला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, पम्या. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी हा माणूस इथे टेकून लिहीत होता.

जपण्याचं मात्र मी आजीकडून शिकलो असं म्हणेन. ती पोथ्या तांबड्या फडक्यात बांधायची, ओल्या हातानं शिवू द्यायची नाही. मीही चिकटपट्टी लावत नाही, लॅमिनेशन करत नाही, नोंद करायची तर पेन्सिलीनं आणि वेगळ्या कागदावर. जुन्या शाईत लोह असतं, दमट हवेत ती कागदच खाते. तुमच्या पावसाळ्यात हे कागद कसे टिकले असते, देव जाणे.

आणि टिकण्याची गोष्ट निघाली म्हणून बर्लिओझ या फ्रेंच संगीतकाराचं सांगतो. विशीत असताना त्यानं एक मोठी 'मेस', म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेचं संगीत, लिहिली. 1825 मध्ये ती पॅरिसच्या सॅं-रॉश चर्चमध्ये झाली. नंतर त्याला ती नकोशी झाली आणि आपण ती जाळली असं तो सांगायचा. लोकांनी विश्वास ठेवला. पण स्वतःच्या हातची प्रत त्यानं 1835 साली एका बेल्जियन व्हायोलिनवादकाला देऊन टाकली होती. 1991 मध्ये अँटवर्पच्या एका चर्चमध्ये, ऑर्गनच्या सज्जात, फ्रान्स मूर्स नावाच्या शिक्षकाला ती सापडली. तो तिथे ऑर्गन वाजवायचा. आपल्या 'सिंफनी फँतास्तिक'मधल्या शेतातल्या प्रसंगाची धून बर्लिओझनं याच मेसमधून उचलली होती, हे तेव्हा कळलं. दीडशेहून जास्त वर्षं ते कागद कुणीतरी नुसते फेकले नाहीत, एवढ्यावर सगळं वाचलं. म्हणून खोक्यातला तळाचा कागद पाहिल्याशिवाय मला उठवत नाही.

आता ज्याच्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. मोरीस दलाज नावाचा संगीतकार, राव्हेलचा शिष्य, 1912 साली हिंदुस्थानात आला होता. त्या प्रवासातून त्यानं 'चार हिंदू कविता' म्हणून गाणी केली. त्यांना नावं गावांची : मद्रास, लाहोर, बनारस, जयपूर. 'लाहोर'मध्ये तो चेलोच्या तारेवरून बोट असं घसरवायला लावतो की आपल्या माणसाला मींडच ऐकू येते. इमदाद खाँच्या सतारीच्या रेकॉर्ड त्यानं कान लावून ऐकल्या होत्या. तर गेल्या महिन्यात मला ही गाणी मिळाली. 'जयपूर'चे फ्रेंच शब्द मी तोडक्यामोडक्या समजुतीनं लावत होतो : तिची आठवण आली तर ताप, दिसली तर वेड, स्पर्श झाला तर भान जातं... आणि दुकानात उभ्या उभ्या तुझा आवाज ऐकू आला. होस्टेलच्या गच्चीवर तू म्हणायचास ना, "स्मृता भवति तापाय", आणि शेवटी हात पसरून, "सा नाम दयिता कथम्"! वर बारीक अक्षरात भर्तृहरीचं नाव आणि श्लोकाचा आकडा, 73. मी त्या दुकानदाराला संस्कृतमधून म्हणून दाखवलं. त्यानं दुसऱ्यांदा म्हणायला लावलं.

तेवढ्यानं भागलं नाही. त्याच दुकानदारानं आतून संगीतकार आल्बेर रुसेलच्या 'एव्होकासियाँ' या वाद्यवृंदाच्या रचनेची गायक-पियानोची प्रत, म्हणजे वाद्यवृंदाऐवजी पियानोवर वाजवायची, आणून दिली. रुसेल आधी आरमारात अधिकारी होता. 1909 मध्ये तो बायकोबरोबर आपल्याकडे फिरला. या रचनेच्या पहिल्या भागाचं नाव 'गुहांच्या सावलीतले देव', आणि त्या गुहा म्हणजे आपलं वेरूळ! दुसरा भाग जयपूर, तिसरा बनारस. 1912 साली पॅरिसमध्ये ती पहिल्यांदा वाजली. तिसऱ्या भागात समूहगान आहे, तिथे कुणा गाणाऱ्यानं श्वास कुठे घ्यायचा त्याच्या खुणा निळ्या पेन्सिलीनं केल्या आहेत. मला मात्र पहिलं पान उघडलं की दहावं लेणं आठवतं. तू विश्वकर्म्याच्या कमानीखाली 'सा' लावलास, तो संपेचना, आणि रखवालदार रागवायचा सोडून ऐकत उभा राहिला.

म्हणजे तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं, की हे कागद मला वाजवायचे नाहीत. ज्यांनी वाजवले, गायले, लिहिले, त्यांचे हात मला त्यात भेटतात, आणि कधी कधी तूही भेटतोस.

आता एक काम कर. वामन पंडितांनी भर्तृहरीच्या शतकांचं समश्लोकी मराठी केलंय, ते तुझ्या काकांच्या कपाटात होतं. त्यात हा श्लोक शोध. दलाजच्या पानांचे स्कॅन मी या आठवड्यात पाठवतो, रुसेलचं पहिलं पानही. श्लोक सापडला की मोबाइलवर फोटो नको पाठवू. तुझ्या अक्षरात, शाईच्या पेनानं लिही आणि टपालानं धाड.

काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
अव्या