न सांगितलेल्या मारहाणीची नोंद

घरगुती हिंसाचार घटल्याची बातमी आपल्या दैनिकात वाचली. तिचा आधार असलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार पतीकडून हिंसा सोसलेल्या विवाहितांचे प्रमाण २०१५-१६ मधील ३१.२ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये २९.३ टक्क्यांवर आले. पण हा आकडा मारहाणीचा नाही, मारहाण झाल्याचे सांगणाऱ्या स्त्रियांचा आहे. सुमारे दोन टक्क्यांचा हा फरक मार कमी झाल्याने पडला की बोलणे कमी झाल्याने, हे त्यावरून ठरवता येत नाही.

सर्वेक्षण करणारे काळजी घेतात, हे मान्यच. घरातील एकाच स्त्रीला, तेही एकांत मिळाला तरच विचारतात. ‘हिंसा झाली का’ असे मोघम न विचारता थप्पड मारली का, केस ओढले का, असे नेमके विचारतात. तरीही याच सर्वेक्षणात (२०१९-२१) हिंसा सोसलेल्या ७७ टक्के स्त्रियांनी मदत मागितली नव्हती आणि कोणाला सांगितलेही नव्हते. जी आईला, बहिणीला सांगत नाही, ती अनोळखी बाईला पहिल्याच भेटीत सांगेल का? आरोग्यसेविका म्हणून घरोघर फिरताना ‘दाराची चौकट लागली’ हे उत्तर मी असंख्य वेळा ऐकले आहे. चौथ्या-पाचव्या भेटीत, सासूबाई शेतावर गेल्या असताना, खरे कारण कळायचे.

म्हणून असे आकडे छापताना ते ‘किमान’ आहेत, एवढे तरी बातमीत नमूद करावे, ही विनंती.

– एक निवृत्त आरोग्यसेविका, सातारा