पट्ट्यापेक्षा चालणे बरे

रविवारच्या पुरवणीतील कंबरदुखीवरच्या लेखात पट्टा, ट्रॅक्शन (कंबरेला ताण देऊन ओढणे) आणि ‘पूर्ण विश्रांती’ असा सल्ला वाचून आश्चर्य वाटले. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत व्यायाम आणि रुग्णाला दुखणे नीट समजावून सांगणे, यांचा पुरस्कार आहे. पट्टा व ट्रॅक्शन यांचा नेहमीचा उपचार म्हणून वापर नको, असे म्हटले आहे. तरी औषधांच्या दुकानांत दर्शनी भागात पट्टेच टांगलेले असतात आणि शिलाई मशीनवर बसणाऱ्या बायका ते साडीवरून आवळून दिवस काढतात.

एमआरआयचेही तेच. अहवालात ‘डिस्क बल्ज’ (मणक्यांमधल्या चकतीचा फुगवटा) दिसला की माणूस वाकून चप्पल घालायलाही घाबरतो. वास्तविक, कंबर न दुखणाऱ्यांच्या तपासण्यांचा २०१५ मध्ये आढावा घेतला गेला, तेव्हा पन्नाशीतल्या सुमारे ६० टक्के लोकांत हा फुगवटा आढळला होता.

लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, पायातली ताकद जाणे, सोबत ताप असणे किंवा पूर्वी कर्करोग झालेला असणे, अशा वेळी मात्र तातडीने तपासणी हवीच. नेमका हाच भाग लेखातून गळला आहे.

– एक फिजिओथेरपिस्ट, सांगली