जुनी स्पोर्ट्स कार भंगारात घालायच्या आधी एकदा थर्मोस्टॅट बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुनी गाडी म्हणजे पेट्रोल पिणारी आणि जुनी स्पोर्ट्स कार म्हणजे तर विचारूच नका, हे मत आपल्या बेळगावात पक्कं बसलंय, आणि त्यापायी चांगल्या चांगल्या गाड्या भंगारात जाताना बघतोय म्हणून हे पत्र लिहितोय. २० वर्षांवरच्या कारची आरसी रिन्यू करायची फी २०२५ मध्ये १०,००० रुपये झाली, पेट्रोल शंभरच्या वर गेलंय, मग पोरं येऊन म्हणतात काका आता परवडत नाही, देऊन टाकतो. माझं म्हणणं एवढंच की देऊन टाकायच्या आधी कंपनीनं गाडी जशी दिली होती तशी तिला एकदा आणा आणि मग काय तो हिशोब करा.

माझं आयुष्य उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये गेलं, इंजिनचे पार्ट हाताखालून गेलेत, आणि घरी सॅन स्टॉर्म आहे. नव्या पोरांना नाव माहीत नसेल. १९९८ ला आलेली दोन सीटची, वरचं टप काढता येणारी गाडी, आपल्या शेजारी गोव्यात बनलेली, फायबरची बॉडी, रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन, ६० हॉर्सपॉवर. बाकी आपल्या भागात जुन्या होंडा सिटी व्हीटेक आहेत, पॅलिओ १.६ आहेत, लॅन्सर आहेत, त्या सगळ्यांना खालचं सगळं लागू आहे.

आधी एक हिशोब सांगतो, कारण तो कुणी करत नाही. वीसचं अ‍ॅव्हरेज देणारी गाडी बावीस द्यायला लागली तर १०० किलोमीटरला अर्धा लिटरसुद्धा वाचत नाही. पण बारा देणारी जुनी गाडी चौदा द्यायला लागली तर १०० किलोमीटरला जवळपास १.२ लिटर वाचतं. वाढले दोनच, पण वाचलं दुपटीपेक्षा जास्त. म्हणजे जी गाडी जास्त पिते तिच्यावरच मेहनत घेण्यात खरा फायदा आहे आणि लोक नेमकं तिलाच सोडून देतात. आपल्याकडं पेट्रोलचा विषय निघाला की गोव्यात स्वस्त, महाराष्ट्रात महाग, महाराष्ट्राच्या सीमेवरच्या कोगनोळीच्या अलीकडं टाकी फुल करायची का पलीकडं, यावरच तासभर बोलणं होतं. १० टक्के अ‍ॅव्हरेज वाढलं तर लिटरमागं नऊ रुपये वाचल्यासारखं आहे, आणि त्यासाठी चोर्ला घाट उतरून गोव्यात जायला लागत नाही.

आता मुख्य गोष्ट, थर्मोस्टॅट. उन्हाळ्यात गाडी एकदा गरम झाली की आपल्याकडचे बरेच फिटर पहिलं काम करतात ते थर्मोस्टॅट काढून टाकायचं, आणि गिऱ्हाइकाला सांगतात आता बघा गाडी गरम व्हायचं नाव घेणार नाही. खरं आहे, नाही घेणार, पण इंजिन तापणारच नाही हीच तर अडचण आहे! थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन आणि रेडिएटरच्या मधला छोटा व्हॉल्व्ह, त्याच्या पोटात मेण असतं, कूलंट ८० ते ९० अंशाच्या घरात गेलं की ते मेण वितळून फुगतं आणि रेडिएटरची वाट उघडते, तोवर वाट बंद, म्हणजे इंजिन लवकर तापतं. तो काढला की गाडी सुरू केल्यापासून कूलंट रेडिएटरमधून फिरत राहतं आणि इंजेक्शनच्या गाडीत, म्हणजे जिथं पेट्रोल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो तिथं, त्या कॉम्प्युटरला सेन्सरवरून वाटतं की इंजिन अजून थंडच आहे, म्हणून तो जादा पेट्रोल सोडत राहतो, कार्ब्युरेटरच्या गाडीचा चोक ओढून तसाच ठेवल्यासारखं. हे जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं, खाली ऑइलमध्ये उतरतं, म्हणजे पेट्रोलही गेलं आणि इंजिनही झिजलं. आणि आपलं बेळगाव ७५० मीटर उंचीवर, चार महिने पाऊस, डिसेंबरच्या सकाळी हात काकडतात, इथं थर्मोस्टॅट नसलेली गाडी घरातून कॅम्पपर्यंत जाऊन परत आली तरी तिचं इंजिन धड तापलेलं नसतं. हायवेला लागल्यावर टेंपरेचरचा काटा मध्यावर यायच्या ऐवजी खाली पडत असेल तर समजा थर्मोस्टॅट काढलाय नाहीतर उघडा अडकलाय. नवा घ्यायचा तर फार महाग नसतो, आणि जुना चालू आहे का ते बघायला पातेल्यात पाणी तापवून त्यात धरा, उघडतो की नाही डोळ्यानं दिसतं. गाडी गरम का होते ते शोधा की, रेडिएटर तुंबलाय का, फॅन वेळेवर लागतो का, वॉटर पंप कसा आहे. फिटर मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे, हा पार्ट काढू नका हो.

दुसरं ऑक्सिजन सेन्सर, ज्या गाडीत आहे तिच्यासाठी. सायलेन्सरच्या पुढच्या भागात बसवलेला असतो, धुरात ऑक्सिजन किती उरला ते बघून कॉम्प्युटरला सांगतो. जुना झाला की सुस्त होतो, चुकीचं सांगतो आणि इंजिन रिच, म्हणजे गरजेपेक्षा जास्त पेट्रोलवर, चालायला लागतं. एवढ्या जुन्या गाड्यांना आत्ताचे स्कॅनर बरेचदा लागत नाहीत म्हणून फिटर म्हणतो सगळं ओके आहे. साधा मल्टीमीटर लावा, इंजिन तापल्यावर चांगला सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मधे सारखा खालीवर होत राहतो, एका जागी बसून राहिला तर गेला. आणि पीयूसीचा कागद मिळाला की पास-नापास बघून खिशात घालू नका, सीओचा, म्हणजे कार्बन मोनॉक्साइडचा, आकडा वाचा. भारत स्टेज दोनच्या आधीच्या पेट्रोल कारला ३ टक्के सीओपर्यंत पास करतात, त्यामुळं भरपूर पेट्रोल वाया घालवणारी गाडीसुद्धा पास होते. मागच्या वेळेपेक्षा आकडा वाढला असेल तर काहीतरी बिघडलंय, एवढं तरी त्या कागदावरनं कळतं, त्याला वेगळे पैसे पडत नाहीत.

पावसाळ्याचं एक सांगायचंय. जुनी शौकाची गाडी आपण पावसात बाहेर काढत नाही, जूनला ताडपत्री घालून हँडब्रेक ओढून ठेवतो आणि एकदम गणपतीला काढतो. खानापूर, जांबोटी भागात तर भिंतींना ओल येते तिथं ब्रेक ड्रमचं काय होणार, गंज धरतो आणि ब्रेक शू चिकटतात, पुढच्या डिस्क ब्रेकचे कॅलिपरही जाम होतात. मग गाडी चालते खरी पण ब्रेक थोडा दाबलेला ठेवूनच चालते आणि आपण म्हणतो इंजिन गेलं. पंधरावीस मिनिटं चालवून आणल्यावर चारही चाकांजवळ हात न लावता नुसता धरून बघा, एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं लागलं तर तिथं ब्रेक धरतोय. जॅकवर घेऊन चाक हातानं फिरवलं तरी कळतं. गाडी ठेवताना हँडब्रेक न ओढता गियरमध्ये टाकून चाकाखाली दगडाची उटी लावून ठेवा.

टायरची हवा थंड टायरला बघायची आणि दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेली तेवढीच ठेवायची, यात नवीन काही नाही. पण रुंद टायर आणि मोठे अलॉय टाकून वर अ‍ॅव्हरेजची तक्रार करणं बरोबर नाही. रुंद टायर रस्त्याला जास्त घासतो, वजनही वाढतं, आणि उंची बदलली की किलोमीटरचा काटाच चुकीचं दाखवतो, मग टाकी टू टाकी केलेला हिशोब पण खोटा. ऑइलचंही तसंच, पुस्तकात जे ग्रेड आहे तेच घाला, गाडी जुनी झाली म्हणून सरसकट २०डब्ल्यू-५० सारखं जाड ऑइल ओतू नका.

चालवण्याबद्दल पोरांना राग येईल तरी बोलतो. ८० वरनं ११० ला गेलं की हवेचा अडथळा जवळजवळ दुप्पट होतो, कारण तो वेगाच्या वर्गानं वाढतो, आणि टप काढलेलं असेल तर अजून जास्त. संकेश्वर ते निपाणी त्यात किती मिनिटं वाचतात ते घड्याळ लावून बघा. आणि चोर्ला, तवंदी घाटात उतारावर न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवणारे आहेत त्यांनी हे आजच बंद करावं. इंजेक्शनच्या गाडीत गियरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की कॉम्प्युटर पेट्रोल पूर्ण बंद करतो, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल टाकलं की उलट इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं आणि इंजिनचा ब्रेक जातो, सगळा भार ब्रेकवर, ते तापले की धरत नाहीत. चावी बंद करून उतरणारे तर स्वतःबरोबर समोरच्याचाही जीव घालवतील, ब्रेक दगडासारखा होतो आणि स्टिअरिंग लॉक होऊ शकतं.

अ‍ॅव्हरेज वाढेल म्हणून विकतात ती पेट्रोलच्या पाइपला लावायची लोहचुंबकं, टाकीत टाकायच्या गोळ्या, लायटरच्या सॉकेटमध्ये घालायचे दिवे यावर पैसे घालवू नका. त्या पैशात प्लग, फिल्टर आणि थर्मोस्टॅट येतो.

शेवटी इथेनॉल. आपला जिल्हा उसाचा, इथल्या कारखान्यांत इथेनॉल बनतं, शेतकऱ्याच्या बिलाशी त्याचा संबंध आहे, त्यामुळं माझा विरोध नाही, कुणी तसा अर्थ काढू नये. पण इथेनॉलमध्ये लिटरमागं ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी असते, म्हणजे २० टक्के मिसळलं की सहा-सात टक्के ऊर्जा तिथंच कमी झाली. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि सील त्यासाठी बनवलेले नाहीत, ते कडक होतात, फुगतात, गळतात. इथेनॉल पाणी ओढून घेतं म्हणून पावसाळ्यात अर्धी टाकी ठेवून गाडी उभी करू नये. इथेनॉल चालणारे पाइप बाजारात मिळतात, ते एकदा बदलून घ्या, पेट्रोलचा वास येत असेल तर उद्यावर ढकलू नका.

यात एक मागणी आहे आणि ती आपल्या पेपरमधून संबंधितांपर्यंत जावी असं वाटतं. प्रत्येक पंपावर, नोजलच्या जवळ, त्या पेट्रोलमध्ये इथेनॉल किती टक्के आहे ते मराठी आणि कन्नड दोन्हीत मोठ्या अक्षरात लिहावं, आणि जुन्या गाड्यांसाठी बेळगाव शहरात निदान एका पंपावर तरी कमी इथेनॉलचं साधं पेट्रोल परवडेल अशा भावात ठेवावं.

आपला,
एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव