मावशी की राणी

नंदगड, ता. खानापूर
१८ नोव्हेंबर

प्रिय बाळू,

दिवाळीआधी आलेल्या तुझ्या पत्राला अजून उत्तर नाही, याची लाज वाटते. सुगी होती, पण ते काही कारण न्हवं. तब्येत बरी, शुगर गोळ्यांवर आहे. आज लिहायला बसलो ते सापसुरळीसाठी. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर 'एवढं काय त्यात' म्हणतील.

गुरुवारी दुपारी चिमी परसात गंजीतून पिंजर ओढत होती. एकदम किंचाळली. हाताला काहीतरी गार लागलं, टोचलं म्हणाली. मी धावलो, तर गंजीच्या बुडाशी सापसुरळी, चांगली वीतभर, पाठ घासलेल्या तांब्यासारखी चकचकीत. आई ओट्यावरून ओरडली, "चाटली का चावली? चावली तर पोर पाणी मागायची न्हाई!"

मी काठी उगारली. ती हलली नाही रे. माझ्याकडे बघत तिनं पापणी मिटली आणि उघडली. सापाला पापणीच नसते. डोळ्यामागं कानाचं बारीक भोक दिसलं, तेही सापाला नसतं. दोन्ही मला तूच दाखवलं होतंस, सातवीत, शाळेच्या गडग्याजवळ, तळहातावर धरून. मी मास्तरांना सांगितलं, तुला छड्या बसल्या, आणि परीक्षा होईपर्यंत तू माझ्याशी बोलला नाहीस. त्याला तू आजही चुगली म्हणतोस. मी आजही सांगतो, ती चुगली न्हवती. मला वाटलं, तू आता मरणार.

काठी खाली आली. पण शेजाऱ्यानं खोरं मारलंच. शेपूट तुटून तिथंच वळवळत राहिलं, सगळे ते बघत उभे, तेवढ्यात ती गंजीखाली पसार.

चिमीला मात्र मी तालुक्याला नेलं. सापसुरळीला विष नसतं हे मला पक्कं माहीत. पण टोचलं ते तिनंच, हे कुठं कुणी बघितलं होतं? गंजीत मण्यार असली तर? मण्यार डसलेलं कधीकधी कळतही नाही, आणि काही तासांनी पापण्या जड व्हायला लागतात. डॉक्टरांनी चोवीस तास ठेवून घेतलं. रात्रभर मी पोरीच्या पापण्या बघत बसलो. सकाळी तिनं भजी मागितली तेव्हा मला रडू आलं. नर्सनं तिच्या बोटातून भाताचं कुसळ काढलं, एवढंसं.

पण कुसळाचं कोण ऐकतो! सापसुरळी चावून पोर वाचली, असं गावभर झालं. आईनं देवळात नारळ फोडला. आणि चिमी परसात पाऊल टाकत नाही, रात्री पाय पोटाशी घेऊन झोपते. हीच माझी काळजी आहे, बाळू. विष चढलं नाही, भीती चढली. आईकडून माझ्यात आली, ती आता हिच्यात जाणार.

आई म्हणते सापाची मावशी, सूनबाई गोकाकची, ती म्हणते हावुराणी, सापाची राणी. एकाच चुलीपुढं नाव दोन भाषांत, पण भिण्यात दोघींची एकी! धाकट्यानं कोचीहून फोनवर सांगितलं, तिकडं तिला अरण म्हणतात आणि अरण चावली की तात्काळ मरण, अशी म्हण आहे. तिथंच असंही म्हणतात की ती चावायला निघते आणि वाटेत विसरते. चिमी एवढ्यालाच हसली. हकीम लोक तर वाळवंटातल्या सापसुरळ्या वाळवून रेगमाही म्हणून ताकदीच्या औषधात घालत आले. इथं विष, तिथं औषध, आणि ती बिचारी नाकतोडे खाऊन जगते. तू कॉलेजातून लिहिलं होतंस की १८०१ साली श्नायडर नावाच्या जर्मन अभ्यासकानं तिला कॅरिनाटा हे शास्त्रीय नाव दिलं, पाठीच्या खवल्यांवरच्या उभ्या कंगोऱ्यांवरून. ते पत्र परवा ट्रंकेतून काढून चिमीला वाचून दाखवलं.

काल ती परत दिसली, गंजीजवळ उन्हाला, बुटकं शेपूट घेऊन. खिडकीतून चिमीनं विचारलं, "शेपूट परत येतं?" म्हटलं, येतं, पण आत हाडं नसतात, कूर्चा असते. "मग तिला दुखलं असेल का?" मला उत्तर देता आलं नाही. तुला येतं का?

वहिनींच्या गुडघ्याचं कळलं, घाई करू देऊ नकोस. संदीपच्या फ्लॅटचं काय झालं ते कळव. तू निवृत्त झालास म्हणे, हे मला दुसऱ्याकडून कळावं?

उन्हाळ्यात ये. चार दिवस तरी. चिमीसमोर सापसुरळीला तळहातावर घेऊन दाखव, पापणी दाखव, कान दाखव. मी दोनदा हात पुढं केला आणि मागं घेतला. मला अजून धीर होत नाही. या वेळी मी मास्तरांना सांगायला जाणार नाही, तुझ्याजवळच उभा राहीन.

तुझा,
विठू