गॅरेज क्र. ४ पुढील अडथळा व मला पाठवलेली नोटीस याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापक समिती, सहकारी गृहनिर्माण संस्था,
पाचपाखाडी, ठाणे (पश्चिम)

विषय : गॅरेज क्र. ४ व ५ संबंधीची नोटीस मागे घेणे आणि शटरपुढील जागा कायमची मोकळी करून मिळणे.

महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात वॉचमनच्या हस्ते मला संस्थेचे जे पत्र मिळाले, त्यात ‘गॅरेजमध्ये चालणारी वाहनदुरुस्तीची कामे तत्काळ बंद करावीत, अन्यथा उपविधींनुसार कारवाई करण्यात येईल’ एवढे एकच वाक्य आहे. कोणती कामे, कोणाला कसला त्रास आणि कोणता उपविधी, यांपैकी कशाचाही त्यात उल्लेख नाही. याउलट, बी-१०२ मधील सभासद आपली सात आसनी गाडी माझ्या शटरपुढे आडवी लावतात, याबद्दलचे माझे अर्ज समितीच्या फायलीत पडून आहेत आणि त्यांवर पोचेच्या शिक्क्यापलीकडे काहीही झालेले नाही. तक्रार करणाऱ्याला नोटीस आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला अभय, हा न्याय मला मान्य नाही. आजवर मी शेजारधर्म पाळून बोललो. आता नाइलाजाने सविस्तर लिहीत आहे.

समितीत या वेळी नवे सदस्य आले असल्याने थोडी पार्श्वभूमी सांगणे भाग आहे. गॅरेज क्र. ४ माझ्या वडिलांनी सदनिकेबरोबरच विकत घेतले, आणि क्र. ५ पुढे पुण्यास स्थायिक झालेल्या एका सभासदाकडून मी रीतसर करारनाम्याने घेतले. दोन्हींचे शुल्क दर मेन्टेनन्स बिलात लावले जाते आणि ते मी कधीही थकवलेले नाही. क्र. ५ मध्ये वडिलांची स्टँडर्ड हेराल्ड आहे आणि क्र. ४ मध्ये १९६८ सालची ट्रायम्फ स्पिटफायर मार्क थ्री. सोसायटीत काही जण तिला ‘शोची गाडी’ म्हणतात, म्हणून ती काय आहे हेही नोंदवून ठेवतो. स्पिटफायर ही दोन आसनांची, उघड्या टपाची छोटी ब्रिटिश स्पोर्ट्स कार १९६२ ते १९८० या काळात तयार होत होती. जोव्हानी मिकेलोत्ती या इटालियन रचनाकाराने तिचे रूप घडवले. माझ्या गाडीचे इंजिन १२९६ सीसीचे आहे, वजन पाऊण टनाच्या आसपास आहे, लांबी पावणेचार मीटरहून कमी आणि रुंदी दीड मीटरच्या आत आहे. म्हणजे आपल्या आवारात उभ्या असलेल्या कोणत्याही स्विफ्टपेक्षा ती आखूड आणि अरुंद आहे. मी जागा अडवतो असा आरोप करणाऱ्यांनी एकदा टेप घेऊन यावे.

ही गाडी ठाण्यात राहून टिकली याला कारण आहे. स्पिटफायरची चासी (गाडीचा खालचा सांगाडा) हेराल्डच्या चासीवरून बेतलेली आहे, आणि हेराल्ड १९६१ पासून मद्रासच्या स्टँडर्ड मोटर कारखान्यात तयार होत होती. त्यामुळे पुढच्या सस्पेन्शनचे आणि स्टिअरिंगचे बरेच सुटे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा जुन्या मेकॅनिकच्या माळ्यावर आजही शोधले तर सापडतात. पण ते बसवून देणारे हात आता फारसे उरलेले नाहीत. आजच्या सर्व्हिस सेंटरमध्ये ही गाडी नेली, तर तिथली मुले आधी लॅपटॉप जोडायची जागा शोधतात. म्हणून ही गाडी ज्याची आहे त्यालाच तिचे काम यावे लागते, आणि ते घरच्या गॅरेजमध्येच करावे लागते. ‘दुरुस्ती बंद करा’ या आदेशाचा सरळ अर्थ ‘गाडी मारून टाका’ असा होतो, हे समितीने समजून घ्यावे अशी माझी कळकळीची विनंती आहे.

एक उदाहरण देतो. या गाडीच्या पुढच्या चाकांशी खालच्या बाजूला ट्रनियन नावाचा पितळी रंगाचा जोड असतो, ज्याच्या आट्यांवर चाकाचा उभा खांब फिरतो. त्यात ग्रीस चालत नाही, नव्वद नंबरचे गिअर ऑईलच भरावे लागते. ते वेळच्या वेळी भरले नाही तर आटे गंजतात आणि वळणावर खांब मोडून चाक बाहेर पडते. हे काम करायचे म्हणजे गाडी जॅकवर घ्यायची, चाक काढायचे, बारीक प्लग सोडवून तिथे तेलाची पिचकारी बसवायची आणि कडेने ताजे तेल पाझरू लागेपर्यंत दाबत राहायचे. यात हातोडा नाही, वेल्डिंग नाही, रंगाचा फवारा नाही. आवाज झालाच तर पान्याचा. याला ‘वाहनदुरुस्तीची कामे’ म्हणून धंद्याच्या पंगतीत बसवणे अन्यायाचे आहे. मी कोणाकडून एक रुपया घेत नाही आणि बाहेरची एकही गाडी आत घेत नाही. आपल्याच सचिवांच्या घरची स्कूटर पावसात बंद पडली तेव्हा तिचा कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, मी साफ करून दिला होता. त्याला धंदा म्हणायचे असेल तर तसे लेखी द्यावे.

आता मूळ तक्रारीकडे येतो. स्पिटफायरचे बॉनेट इतर गाड्यांसारखे काचेच्या बाजूने बिजागरीवर उघडत नाही. दारांजवळच्या दोन कड्या सोडवल्या की दोन्ही मडगार्ड आणि दिव्यांसह गाडीचे सबंध नाक पुढच्या दिशेला कलंडते, आणि इंजिनच्या दोन्ही बाजू व पुढची चाके एकदम उघडी होतात. यासाठी बंपरपुढे मोकळी जागा लागते. गाडी मागे घेऊन लावलेली असल्याने ही जागा शटरपुढेच असते. बी-१०२ ची गाडी तिथे आडवी उभी असली की माझे बॉनेट अर्ध्यावर येऊन त्यांच्या दाराला टेकू पाहते. एकदा त्यांनी स्वतःच्या दारावर आलेल्या ओरखड्याचे खापर माझ्यावर फोडले. तो ओरखडा माझ्या बॉनेटच्या उंचीच्या कितीतरी वर होता, हे मी त्यांना जागेवर टेप लावून दाखवले आणि आपल्या खजिनदारांनी ते पाहिलेही होते.

प्रश्न केवळ बॉनेटचा नाही. ती गाडी पुढे असली की माझ्या दोन्ही गाड्या बाहेर निघूच शकत नाहीत. फोन केला तर ‘मीटिंगमध्ये आहे’, इंटरकॉम केला तर ‘चावी साहेब घेऊन गेलेत’. गेल्या दसऱ्याला गाडी अंगणात काढून पूजा करावी म्हणून मी आदल्या रात्री स्वतः त्यांच्या दारी जाऊन विनंती केली होती. सकाळी पाहतो तर गाडी तिथेच. शेवटी अर्ध्या उघडलेल्या शटरमधून वाकून आत जाऊन, झेंडूची माळ चाकावर टाकून, नारळ दाराबाहेर फोडावा लागला. वडील असते तर त्यांनी हा अपमान सहन केला नसता.

त्यांना जागा नाही म्हणून ते असे वागतात, असेही नाही. स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधील उघड्या जागेत, त्यांना सोडतीत मिळालेली हक्काची जागा आहे. तिथे फ्लॅटच्या नूतनीकरणातून उरलेल्या टाईल्सची खोकी, एक जुने कपाट आणि गुंडाळलेली गादी ठेवलेली आहे. पार्किंगची जागा पार्किंगखेरीज अन्य कारणासाठी वापरता येत नाही, हा नियम आपण सर्वसाधारण सभेत वाचून दाखवला होता. तो नेमका कोणासाठी होता?

माझ्या गॅरेजला हा स्टिल्टचा नियम लावता येणार नाही, हे मी आदरपूर्वक सांगू इच्छितो. नाहलचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली स्टिल्टमधील उघडे पार्किंग म्हणजे गॅरेज नव्हे, असे स्पष्ट केले. पुढे २०१६ च्या रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्यानेही छत आणि तीन बाजूंना भिंती असलेल्या जागेलाच गॅरेज म्हटले आहे. माझ्या दोन्ही गॅरेजना तीन भिंती, छत आणि शटर आहे. गाडी ठेवण्याच्या बंद जागेत त्याच गाडीची निगा राखणे हा तिचा वापरच आहे; त्याला गैरवापर म्हणता येत नाही.

पेट्रोलच्या वासाबद्दल पहिल्या मजल्यावरून तोंडी कुरबुर झाल्याचे कळते. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते आणि जुन्या पद्धतीचे रबर खराब करते. म्हणून मी टाकीपासून दोन्ही कार्बोरेटरपर्यंतच्या सगळ्या नळ्या स्वखर्चाने इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या करून घेतल्या आहेत. पण असे पेट्रोल भरलेली गाडी महिनोन्महिने उभी ठेवणे हेच सर्वांत वाईट असते. ठाण्याच्या पावसाळ्यात, खाडीकडून येणाऱ्या दमट हवेत, टाकीच्या तळाशी पाणी साठते आणि पत्रा आतून कुजतो. रविवारी पहाटे घोडबंदर रोडने गायमुखपर्यंत नेऊन आणली, की जुने पेट्रोल वापरले जाते आणि हा ओलावा साचत नाही. मग गाडी बाहेर काढू न देणारे आणि वासाची तक्रार करणारे घर एकच असावे, याला काय म्हणावे? साठ्याबाबत म्हणाल तर विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंतचे पेट्रोल १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार परवान्याविना ठेवता येते. माझ्याकडे पाच लिटरचा एक पत्र्याचा कॅन आहे, तोही बहुतेक वेळा रिकामा.

आवाजाबद्दल इतकेच सांगतो की निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे १० ते ६. दोन कार्बोरेटर हवा एकसारखी ओढतात की नाही हे पाहण्यासाठी रबरी नळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे आळीपाळीने प्रत्येक कार्बोरेटरच्या तोंडाशी धरून फुसकारा ऐकावा लागतो. तेवढा वेळ इंजिन मंद गतीवर चालू असते, आणि हे मी रविवारी उजाडल्यावर, लोकांचा चहा-नाश्ता उरकल्यानंतरच करतो. याउलट बी-१०२ ची गाडी रात्री साडेअकराला मागे घेताना रिव्हर्सची जी धून वाजते, ती आमच्या तिसऱ्या मजल्यावर खिडक्या लावूनही ऐकू येते. त्याबद्दल मी आजवर अवाक्षर काढलेले नाही.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर याच सभासदांनी ‘पंधरा वर्षांवरील गाड्या बंद’ ही दिल्लीची बातमी टाकली आणि सचिवांनी त्यावर हात जोडल्याचे चिन्ह टाकले, हे दुःखदायक आहे. तो निर्बंध दिल्ली व राजधानी परिसरापुरता आहे. महाराष्ट्रात पंधरा वर्षांनंतर परिवहन कार्यालयात गाडी दाखवून, पर्यावरण कर भरून नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते, आणि माझ्या दोन्ही गाड्यांचे कागद चालू आहेत. उलट पन्नास वर्षांवरील गाड्यांचा वारसा जपला जावा म्हणून केंद्र सरकारने २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. सरकार ज्याला वारसा म्हणते त्याला आपली सोसायटी भंगार म्हणते.

सभासदांचे म्हणाल तर बहुसंख्य माझ्या बाजूने आहेत. ए विंगमधील रेल्वेतून निवृत्त झालेले काका दर रविवारी खुर्ची टाकून बसतात आणि पाना हातात देतात. मुले शाळेच्या प्रकल्पासाठी इंजिनाचे फोटो काढून नेतात. बी विंगमधील दोन ताईंनी मला जिन्यात थांबवून ‘तुम्ही बोलता ते बरोबर आहे’ असे सांगितले. शेजारी शेजारी राहायचे असल्याने कोणी लेखी देत नाही, याचा अर्थ त्यांना मत नाही असा होत नाही. आणि आपणही, अध्यक्ष महोदय, गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेत याच स्पिटफायरमध्ये फेटा बांधून बसला होतात. तलावपाळीवर लोकांनी फोटो काढले तेव्हा आपण मला ‘सोसायटीचा अभिमान’ म्हणालात. त्या दिवशीही गाडी याच गॅरेजमध्ये तयार झाली होती.

तरी माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. नोटीस बिनशर्त मागे घ्यावी आणि तसे लेखी कळवावे. दोन्ही शटरपुढे पाच फुटांपर्यंत पिवळा पट्टा मारून ‘वाहन उभे करू नये’ असे लिहावे. रंगाचा खर्च हवा तर मी देतो. बी-१०२ मधील सभासदांनी टाईल्स, कपाट व गादी आठ दिवसांत हलवून आपली गाडी आपल्या जागेत लावावी असे पत्र त्यांना द्यावे, आणि त्याची प्रत मला द्यावी. माझे आजवरचे सर्व अर्ज पुढील सभेच्या इतिवृत्तात तारखांसह नोंदवावेत. ते ‘आयत्या वेळचे विषय’ या सदराखाली ढकलू नयेत.

उपविधींनुसार सभासदाच्या तक्रारीवर समितीने पुढच्या सभेत निर्णय घेऊन तो त्यानंतर १५ दिवसांत कळवायचा असतो. या वेळी ती मुदत पाळली गेली नाही, तर हेच पत्र मी उपनिबंधक, सहकारी संस्था, ठाणे यांच्याकडे दाखल करीन. गुढीपाडव्यासाठी गाडी मागायला येण्यापूर्वी समितीने याचाही विचार करावा.

कळावे,

आपला,
सभासद, बी विंग, सदनिका क्र. ३०२
(गॅरेज क्र. ४ व ५)

प्रत माहितीसाठी : सचिव, खजिनदार, सूचना फलक, दोन्ही विंग